डोक्यावरच्या अकरा इस्त्र्या

"ऐकलं का बाई, कोपऱ्यावरच्यांचं लाइट बिल आलंय."

काकूंना बातमी द्यायची असली की त्या तुळशीच्या निमित्तानं कंपाउंडच्या भिंतीपाशी येतात. मी कूलरच्या टाकीत बादली ओतत होते. वैशाखातली संध्याकाळ, साडेसहा वाजून गेलेले, तरी भिंतीला हात लावला तर चटका बसत होता.

"किती आलं?"

"आकडा काही सांगंनात. पण सून म्हणाली, रिमोट आता सासूबाईंच्या उशीखाली असतो. मंग समजून घ्या तुम्ही."

मी समजून घेतलं. एसी आला त्या दिवशी टेम्पोवाल्यालासुद्धा चहा-पोहे झाले होते, नारळ फुटला होता आणि रात्री पांघरूण लागतं म्हणून सूनबाई गल्लीभर सांगत होत्या. दीड टनी, पाच चांदण्यांचा, वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये. मग एप्रिल तापला आणि तक्रारी सुरू झाल्या. दुपारी दोनला लावला तर रात्री अकरापर्यंत खोली काही थंड होत नाही. मेकॅनिक आला, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, दीड टन कमी पडतोय, दोन टनी बसवा.

"मशीनच खराब निघालं असंल," काकू म्हणाल्या.

"मशीनला काय धाड भरलीय? डोक्यावर उघडा स्लॅब आहे त्यांच्या."

"स्लॅब तं साऱ्यांच्याच डोक्यावर हाय."

"म्हणून तर सगळेच शिजतोय." मी बादली खाली ठेवली. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवल्याची खोड, फळा नसला तरी हात हलायला लागतात. "काकू, तुमची इस्त्री किती वॉटची?"

"मला काय माहीत? तापते."

"हजार वॉटची धरा. मे महिन्यात भर दुपारी एक चौरस मीटर गच्चीवर जे ऊन पडतं ना, तेही जवळपास हजार वॉटचंच. दहा बाय बाराच्या खोलीवरचा स्लॅब भरतो अकरा चौरस मीटर. म्हणजे अकरा इस्त्र्या चालू करून गच्चीवर पालथ्या घातल्यासारखं झालं."

"माय!"

"सगळं आत येत नाही हो. काही ऊन परत फिरतं, बरीचशी उष्णता वारा घेऊन जातो. उरलेली स्लॅब पिऊन बसतो. पाच इंच काँक्रीटमधून ती खाली उतरायला तीन-चार तास जातात. म्हणून बारा-एकचं ऊन आपल्याला चार-पाचला घरात लागतं. आणि रात्री पंखा सुरू केला की तो छताजवळची तापलेली हवा खाली आपल्याच अंगावर ढकलतो. कोपऱ्यावरच्यांचा एसी खोली थंड करत नाहीये, तो रोज दुपारपासून स्लॅब थंड करत बसलाय. त्याला दोन टनी भाऊ आणून दिला तरी तो तेच करणार, फक्त मीटर जास्त पळवून."

काकूंना हे पटलं असावं, कारण त्यांनी लगेच विचारलं की मग भिंतीचं काय. पश्चिमेची भिंत तर संध्याकाळी टेकू देत नाही. बरोबर आहे, भिंतीही तापतात, पण उन्हाळ्यात खरा मार छताला. आमच्या शाळेत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी सुट्टीतल्या पोरांना गोळा करून मैदानात एक पाइप उभा करायला लावायची. साडेबाराच्या आसपास पाइपाची सावली गडप होते. जालना साधारण वीस अंश अक्षांशाच्या जरा अलीकडं आहे, त्यामुळं त्या दिवसांत सूर्य अगदी माथ्यावरून जातो. दक्षिणेच्या भिंतीवर त्याची नजरसुद्धा पडत नाही. पूर्वेला सकाळी, पश्चिमेला दुपारनंतर, आणि गच्चीवर मात्र उगवल्यापासून मावळेपर्यंत. साऱ्या महाराष्ट्राला आपला जिल्हा सळई पुरवतो, गावोगाव आपल्या सळईवर स्लॅब पडतात, आणि त्या स्लॅबखाली भाजून निघण्यातही आपला नंबर वरचाच.

एवढ्यात पलीकडच्या घराच्या जिन्यावरून वहिनी घागर घेऊन उतरल्या. शेठच्या दुमजली घरात वर त्या भाड्यानं राहतात. शेठ स्वतः खाली. खालच्या मजल्याला वरचा मजला हीच छत्री, त्यामुळं शेठना उन्हाळ्याबद्दल फारसं काही म्हणायचं नसतं.

"इस्त्रीचं काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडं रात्री दोन वाजता गादी गरम असते. कूलर लावला तर अंगाला नुसती चिकचिक. पोरगं सकाळी उठतं ते घामानं भिजलेलं, आणि उघडे राहिलेले पापड मऊ."

"खिडक्या उघड्या ठेवता का कूलर चालू असताना?"

"उघड्या कशाला ठेवू? गार हवा बाहेर जाईल ना. यांनी तर फटींत कागद कोंबलेत, दाराखाली चादर गुंडाळून लावलीय."

काकू हसल्या. "कूलरला कोंडलं तुम्ही."

हा घोळ गावात घरोघरी आहे आणि त्यात वहिनींचा काही दोष नाही. कूलर आणि एसी दिसतात एका कामाचे, पण दोघांच्या सवयी उलट्या. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून किंवा हनीकोंबमधून ओढतो. पाणी वाफ होतं, त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतून निघते आणि हवा गार होते. एक लिटर पाणी उडालं की जवळजवळ दोन तृतीयांश युनिट उष्णता खपली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं हवा इतकी कोरडी असते की चांगला कूलर हवेचं तापमान दहा-बारा अंशांनी सहज खाली आणतो. पण ती हवा ओली झालेली असते. तिला निघायला वाट हवी. कूलर एका खिडकीत, आणि समोरच्या बाजूची दुसरी खिडकी हातभर उघडी, तर कारभार चालतो. खोली बंद केली की तीच ओली हवा फिरत राहते, गवत पुन्हा तिलाच भिजवतं, आणि घाम काही वाळत नाही. मृगाचा पाऊस पडला की उघड्या खिडकीनंही कूलर रुसतो, त्याचं कारण हेच: बाहेरचीच हवा ओली.

"आणि एसीचं उलट," मी वहिनींना म्हटलं. "त्याला खोली बंद लागते. फट म्हणून राहता कामा नये."

"त्यांनी बंद केलीय की. खिडक्यांना टेप मारलाय."

"खिडक्यांना मारलाय. दाराखालचं बघितलं का?"

मी बघितलं होतं. सत्यनारायणाला गेले होते तेव्हा. लादी नवीन बसवताना दार खालून तासलं, ते अर्धा इंच जास्तच तासलं. तीन फूट रुंद दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे अठरा चौरस इंच. भिंतीत तळहाताएवढं भोक पाडून ठेवलं तर आपण ओरडू. दाराखाली तेवढंच भोक आहे ते दिसत नाही, कारण ते लांबट आहे. वर दारावरचा व्हेंटिलेटर, त्याला जाळी आहे, काच नाही. एसीचा तांब्याचा पाइप जिथून बाहेर जातो तिथं भिंतीला पाडलेलं भोक, मेकॅनिकनं त्यात थोडा कागद खुपसून ठेवलेला. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या पट्टीतले ब्रश झिजून गेलेले. आणि बाथरूमचं दार कायम उघडं, बाथरूमला एक्झॉस्टचं गोल भोक, त्यातला पंखा कधीच बंद पडलेला. गार हवा जड असते, ती खालच्या फटीतून वाहून जाते, आणि तिच्या जागी वरच्या भोकांतून फुफाटा आत येतो.

"मंग शोधायचं कसं? दिसंना तं," काकूंनी विचारलं.

"तुमच्या देवघरातली उदबत्ती घ्यायची. पंखे बंद, दारं-खिडक्या बंद, एसी चालू. उदबत्ती चौकटीच्या कडेकडेनं फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकडा झाला, आत ढकलला गेला किंवा फटीत ओढला गेला, तिथं खडूनं खूण करायची. पडद्यापासून लांब धरायची तेवढी. दाराखाली रबराची किंवा ब्रशाची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती स्क्रूनं बसते. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या चिरेत सिलिकॉन. पाइपाच्या भोकात पांढरं सिमेंट. व्हेंटिलेटरवर आतून काच किंवा ॲक्रिलिकची शीट. यातलं काहीच दोन टनी मशीनच्या किमतीच्या जवळपास जात नाही."

"आणि रिमोट?"

"रिमोट चोवीसवर. जानेवारी २०२० पासून चांदण्यांवाले एसी सुरूच चोवीसवर होतात, कंपन्यांना तसं बंधन आहे. एक अंश वर ठेवला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आपली माणसं सोळावर नेतात. सोळावर नेल्यानं खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबायचं विसरतं."

इथं मला एक गोष्ट बजावून सांगावी लागली, कारण वहिनींच्या डोळ्यांत एकदम उत्साह दिसला. घरातली सगळीच भोकं बुजवायची नसतात. स्वयंपाकघराची खिडकी नाही, आणि गॅसचा गीझर असलेल्या बाथरूमचा झरोका तर मुळीच नाही. गॅस जळायला हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशी एखादी बातमी असतेच. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपलेल्यांचीही. गॅस गीझरची टाकी आणि बर्नर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, हे सर्वांत बरं.

"आमच्या माळवदात नव्हतं बाई असलं काही," काकू म्हणाल्या, आणि मी ओळखलं की आता गाडी भोकरदनला निघाली.

काकूंचं माहेर केळना नदीकाठचं. दोन-अडीच फुटांच्या मातीच्या भिंती, लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्यांची आडवी-उभी रांग, त्यावर पाला आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. ही पांढरी माती गावठाणातली, तिच्यावर गवत सहजी धरत नाही आणि पाणी झिरपत नाही. छताला एक झरोका, त्यातून उजेड यायचा आणि चुलीचा धूर जायचा. दुपारी आत गेलं की डोळ्याला अंधारी आणि अंगाला गारवा.

"उन्हाळ्यात आम्ही तिसऱ्या पारापर्यंत घराबाहेर पडत नव्हतो. दारं लावायची, खिडक्या होत्याच कुठं? अंधारात गोधड्या शिवायच्या. सांज झाली की सारी दारं सताड उघडी, आणि झोपायला माळवदावर. विंचू निघायचा कधी, ते जाऊ द्या."

काकूंनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते बांधकामशास्त्राच्या पुस्तकात दोन पानं घेतं. जाड माती उष्णता हळू पिते आणि हळू सोडते, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री माणसं वर मोकळ्यावर असतात. दिवसा बंद, रात्री उघडं. आपण याच्या बरोबर उलट करतो. सकाळी वारा यावा म्हणून दहा-अकरापर्यंत खिडक्या उघड्या ठेवतो, तोवर बाहेरचा पारा चढलेला असतो, आणि रात्री डासांच्या भीतीनं खिडक्या लावून घेतो. बिनएसीच्या घरात सकाळी आठ-साडेआठला खिडक्या आणि पडदे बंद आणि रात्री जाळीसकट सगळं उघडं, एवढ्या एका शिस्तीनं फरक पडतो. अर्थात दुपारी कूलर लावलात की पुन्हा समोरची खिडकी उघडा, नाहीतर पापड मऊ.

मात्र माळवदाचे नुसते गोडवे गाणाऱ्यांपैकी काकू नाहीत. झड लागली की घरात जागोजागी पातेली मांडलेली असायची हे त्याच सांगतात. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती चढवायची, तिची गाढवं, तिची मजुरी. थरावर थर चढून छत जड होत जायचं. आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून दमून झोपलेली किल्लारीकडची माणसं दगड-मातीच्या भिंती आणि त्या जड छतांखाली सापडली. आठ हजारांच्या आसपास जीव गेले. किल्लारी आपल्यापासून लांब, पण धसका साऱ्या मराठवाड्यानं घेतला.

"आमच्या भावानं त्याच साली माळवद उतरवलं," काकू म्हणाल्या. "पत्रे टाकले. जीव वाचला म्हणायचं आणि भाजून घ्यायचं."

पत्र्याची गोष्ट स्लॅबपेक्षा वेगळी. पत्रा दहा मिनिटांत तापतो आणि दिवे लागणीनंतर लवकरच निवतो. म्हणून पत्र्याच्या घरात दुपार असह्य आणि रात्र बरी, स्लॅबच्या घरात दुपार जरा बरी आणि रात्र असह्य. शेतातल्या आखाड्यांवर आपली माणसं पत्र्यावर पऱ्हाट्या, तुराट्या नाहीतर उसाचं पाचट पसरतात. काम चोख होतं, फक्त वाळलेलं सरपण डोक्यावर आहे आणि खाली चूल आहे हे विसरू नये. पत्र्याखाली थर्माकोल चिकटवणारेही पुष्कळ आहेत. तोही भराभर जळतो आणि वितळून खाली ठिबकतो. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग द्यावा आणि खाली सात-आठ इंच जागा सोडून सिमेंट शीटचं किंवा प्लायचं छत करावं, मधल्या हवेला दोन्ही टोकांना जाळीची वाट ठेवावी. तापलेली हवा तिथल्या तिथं निघून जाते. चमकदार कागदाच्या शीट मिळतात, त्या पत्र्याला चिकटवून टाकल्या तर अर्ध्या वाया. चमकत्या अंगासमोर हवेची पोकळी असेल तरच त्या उष्णता अडवतात.

"आमच्या स्लॅबचं सांगा," वहिनी म्हणाल्या. "माळवद तर आता घालता येत नाही."

"माळवद कशाला? एक इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला काँक्रीट साडेतीन-चार फूट जाड लागेल."

"एक इंच?" काकूंना हे खोटंच वाटलं.

पण ते खरं आहे. उष्णता अडवायचं काम थर्माकोल करत नाही, त्याच्यात कोंडलेली हवा करते. नवीन घर बांधणाऱ्यांनी गच्चीवर वॉटरप्रूफिंग करताना दोन इंची टणक शीट अंथरावी, वर कोबा आणि सगळ्यात वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करून घ्यावं. मिस्तरी म्हणेल, कशाला, इकडं कोणी करत नाही. त्याला म्हणावं, मिस्तरी, तुम्ही खाली झोपत नाही. शीट स्लॅबच्या वर हवी, खाली नको. खाली लावली तर स्लॅब तापतोच, उन्हानं फुगतो-आकसतो, चिरतो आणि पुढच्या पावसाळ्यात गळतो. भिंतींसाठी हलके सिपोरेक्स ब्लॉक मिळतात, तेही निदान पश्चिमेच्या भिंतीला वापरावेत. सगळं घर त्याचंच हवं असं नाही.

आणि बांधून झालेल्या घराला, तेही भाड्याच्या? चुना.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेनं फार माणसं दगावली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेशी लढायचा आराखडा केला, आणि पुढं वस्त्यांमधल्या छपरांना पांढरं करायचं काम त्यात आलं. तेलंगणानं २०२३ मध्ये गार छपरांचं सरकारी धोरणच काढलं. पांढऱ्या छपरानं घरातलं तापमान दोनापासून पाच अंशांपर्यंत उतरतं असा साधारण अनुभव आहे. आमच्याकडं गच्चीवर चुना मारायचा म्हटलं की शेजारी विचारतात, गळतंय का?

कृती सोपी. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये रात्रभर विरवायचा. पाणी घातलं की तो खदखदा उकळतो, त्यामुळं पोरांना लांब ठेवायचं आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. सकाळी फडक्यानं गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल कालवायचं म्हणजे हाताला लागत नाही. गच्ची खराट्यानं घासून धुवायची, ती ओलसर असताना संध्याकाळी पहिला हात आणि दुसऱ्या संध्याकाळी दुसरा. भर उन्हात मारला तर पापुद्रे सुटतात. वर्षभर फुफाटा बसून तो मळतो आणि पावसात बराचसा धुपतो, तेव्हा दर शिमग्याला पुन्हा. पहिल्या पावसाचं पन्हाळीचं पाणी टाकीत घ्यायचं नाही. आणि दुपारी चप्पल-गॉगलशिवाय त्या गच्चीवर जायचं नाही, डोळे दिपतात.

"माझ्या पुतण्याकडं जुनी शेडनेट पडलीय," काकू म्हणाल्या. "मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट होता जाफराबादला. ती टाकली तं?"

"उत्तम. पण स्लॅबवर अंथरायची नाही. पाइप उभे करून डोक्याच्या वर बांधायची, खालून वारा खेळला पाहिजे. हिरवी असेल तर ती स्वतः तापते, तो ताप वाऱ्यानं जातो. स्लॅबवर टाकली तर गोधडी पांघरली." वादळी वाऱ्यात ती सुटून कोणाच्या तारांवर जाऊ नये म्हणून दोऱ्या चांगल्या आवळायच्या, कारण मेअखेरच्या वावटळी जालन्यात काय करतात ते काकूंच्या मागच्या वर्षीच्या पत्र्याला विचारा.

वहिनींचा मुलगा जिन्यातून ओरडला, "मॅडम, सोलर बसवलं तर? पंतप्रधान सूर्यघर! तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी!" बसवावं की. पॅनेलची सावलीही गच्चीला मिळते. पण भोकाच्या घागरीला मोठा नळ जोडण्याआधी भोक बुजवायचं असतं. भाडेकऱ्याला शेठची गच्ची मिळणार आहे का, हा प्रश्न वेगळाच. त्याच्याआधी घरातले जुने पंखे बघावेत. जुना पंखा पंच्याहत्तर वॉट खातो, नवा बीएलडीसी तीस. दिवसाचे सोळा तास धरले तर एका पंख्यामागं महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढं दर उडी मारतो, तिथं हेच वीस युनिट बोचतात.

वहिनी घागर कमरेवर घेऊन उभ्याच होत्या. त्यांचं गणित निराळं निघालं.

"बाई, वीज जाऊ द्या. पाण्याचं सांगा. आमच्या कूलरला दिवसाला पाच-सहा बादल्या लागतात. जिना चढून."

हे मला सुचायला हवं होतं आणि सुचलं नव्हतं. मोठा कूलर कडक उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या पुढं सहज जातो. जालन्याला पाणी येतं पैठणहून, जायकवाडीचं, नळ कधी येईल याचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं ठरलेलं. २०१२-१३ च्या दुष्काळात तर कूलर भरणं हीच चैन होती. जे ऊन गच्चीवरूनच परत फिरलं, त्याला गार करायला ना युनिट लागत ना बादली. चुन्याला वर्षातून एकदाच ड्रमभर पाणी लागतं. वहिनींनी जिन्यानं वर चढवलेल्या पाण्याचा हिशेब कुठल्या स्टार लेबलवर छापलेला नसतो.

"पण गच्ची शेठची," वहिनी म्हणाल्या. "मी मागच्या वर्षी विचारलं तर म्हणाले, तुम्हाला गरम होत असेल तर पंखा मोठा लावा."

यावर काकूंनी शेठच्या स्वभावाबद्दल जे सांगितलं ते छापण्याजोगं नाही. मुद्दा मात्र खरा. तापतो तो भाडेकरू, बिल भरतो तो भाडेकरू, आणि ज्यानं चुना मारायचा तो खाली गारव्यात. म्हणून शहरातले पुष्कळ स्लॅब काळेच राहतात.

आणि नाव काढलं की माणूस हजर. शेठची स्कूटर फाटकात आली. काकूंनी त्यांना हेल्मेटसुद्धा काढू दिलं नाही.

"शेठ, गच्चीला चुना मारायचाय."

"चुना?" शेठनी आमच्या तिघींकडं संशयानं बघितलं. "पावसाळा होऊ द्या, मग बघू."

"पावसाळ्यात काय ढगाला दाखवायचा?"

"गळत नाही हो गच्ची."

"गळत नाही, भाजतीय. लेकरू घामोळ्यांनी सडलंय वर."

"हे मारतील," वहिनी हळूच म्हणाल्या. "मजुरी नको. सामान तेवढं..."

शेठ विचारात पडले. मजुरी नको हा शब्द त्यांच्या कानाला गोड लागला असावा. मग त्यांचा चेहरा उजळला. "सामान कशाला आणायचं? माझ्याकडं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अर्धा डबा आहे की. गडद लाल. दिसेल पण छान."

"लाल ऊन पितो," मी म्हटलं. "पांढराच हवा."

"लाल डबा दुकानाच्या पाटीला लावा," काकू म्हणाल्या. "आणि वरचं घर गार राहिलं तं भाडेकरू टिकंल तुमचा. मागचे दोघं काहून गेले? मे महिन्यातच गेले ना?"

शेठनी स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, वर गच्चीकडं एकदा बघितलं.

"किती किलो लागंल?"